हेवा करू नकोस

चि. राणीस,


तुझं पत्र मिळालं. जूनमध्ये योनसेई विद्यापीठात, 1987 च्या आंदोलनात मारल्या गेलेल्या ली हान-योलच्या स्मृतीचा कार्यक्रम झाला, तो तू पाहिलास, आणि खोलीवर परतल्यावर मला लिहिलंस की आपण त्या पिढीत जन्माला यायला हवं होतं. त्यांच्या वाट्याला हुकूमशाही पाडण्याचं भाग्य आलं, आपल्या वाट्याला नुसत्या परीक्षा. बाकीच्या खुशालीचं उत्तर तुझी आई देईलच. मला या एका वाक्यावर तुझ्याशी बोलायचं आहे. उभा जन्म कॉलेजात इतिहास शिकवण्यात गेला, त्यात कोरियाचं विद्यार्थी आंदोलन हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, आणि तू नेमकी सोललाच प्रबंध लिहायला जाऊन बसली आहेस. तेव्हा थोडं अधिकारानं लिहिलं तर रागावू नकोस.

हेवा करण्याआधी एकदा नाम्योंग-दोंगला जाऊन ये. मेट्रोच्या एक नंबरच्या लाइनवर सोल स्टेशनच्या पुढचंच स्टेशन. फलाटावरूनच ती गडद विटांची इमारत दिसते. आता तिथे लोकशाहीच्या लढ्याचं स्मारक आहे, पण तेव्हा ते पोलिसांचं चौकशी केंद्र होतं. बाहेरून नीट बघ. इतर मजल्यांना नेहमीसारख्या खिडक्या आहेत, पाचव्याला मात्र नुसत्या अरुंद उभ्या फटी. पकडून आणलेल्या माणसाला मागच्या दाराने आत घेत आणि डोळे बांधून लोखंडी गोल जिन्याने थेट पाचव्यावर चढवत. मधे एकही मजला लागत नाही, म्हणजे आपण किती वर आलो हे त्याला कळू नये. वर खोल्यांची दारं अशी सरकवून बसवली आहेत की समोरासमोर कुणी येऊ नये. हे सगळं एका नामवंत वास्तुविशारदाने आखलेलं. कुणीतरी शांतपणे टेबलाशी बसून, पट्टी-पेन्सिल घेऊन छळाची सोय कागदावर उतरवली, हे मला त्या छळाइतकंच भयंकर वाटत आलं आहे.

त्या मजल्यावर 509 नंबरची खोली आहे. 14 जानेवारी 1987 रोजी तिथे पाक जोंग-चोल मेला. सोल राष्ट्रीय विद्यापीठात भाषाविज्ञान शिकणारा मुलगा. त्याच्यावर स्वतःचा असा मोठा आरोपही नव्हता. चळवळीतला एक वरच्या वर्गातला सहकारी कुठे लपलाय ते त्याच्याकडून काढून घ्यायचं होतं. टबातल्या पाण्यात डोकं बुडवून बुडवून त्याला मारलं. पोलीसप्रमुखांनी पत्रकारांना काय सांगितलं असेल? अधिकाऱ्याने टेबलावर हात आपटला आणि मुलगा किंचाळून कोसळला. एवढंच. वडिलांनी राख इमजिन नदीच्या गोठलेल्या पात्रावर सोडली, आणि त्यांच्या तोंडून मुलाला निरोप द्यायलाही धड शब्द निघाले नाहीत.

तू या घटनेवरचा ‘1987’ नावाचा सिनेमा पाहिला असशीलच, 2017 साली आलेला. पण सिनेमात सगळं झपाट्याने होऊन जातं, म्हणून इथे थांब आणि पुढची माणसं एकेक करून मोज. खोलीत बोलावलेला तरुण डॉक्टर ओ योन-सांग. त्याने नंतर वार्ताहरांना सांगितलं की फरशी पाण्याने ओली होती. पोलीस त्याच रात्री प्रेत जाळायची परवानगी मागायला ज्यांच्याकडे गेले, ते सरकारी वकील चोई ह्वान. त्यांनी सही करायला नकार दिला आणि शवविच्छेदन करायला लावलं. ते करणारे ह्वांग जोक-जुन. हृदयविकार लिहा म्हणून त्यांच्यावर दडपण आलं, त्यांनी टबाच्या कडेवर गळा दाबला जाऊन गुदमरल्याची नोंद केली. सरकारी वकिलांच्या कचेरीत बोलता बोलता सुगावा लागलेला एक वार्ताहर, आणि त्याच दिवशी ती बातमी छापणारं त्याचं वर्तमानपत्र. मग प्रकरण दोन पोलिसांवर ढकलून मिटवायचा बेत झाला. त्या दोघांना ज्या तुरुंगात ठेवलं तिथे एक राजबंदी होता, ली बू-योंग. आणखी तिघे गुन्हेगार बाहेर मोकळे आहेत हे त्याला कळलं, त्याने ते चिठ्ठ्यांवर लिहिलं आणि तुरुंगातल्या एका पहारेकऱ्याने त्या चिठ्ठ्या बाहेर पोचवल्या. 18 मे रोजी म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये, ग्वांगजूच्या हत्याकांडाच्या सातव्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेनंतर, फादर किम सुंग-हुन यांनी ते सगळं जाहीर वाचून दाखवलं.

या यादीत जोंग-चोलनंतर एकही विद्यार्थी नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? डॉक्टर, वकील, वार्ताहर, पहारेकरी, पाद्री. यातल्या बहुतेकांनी आपापल्या नोकरीत जे करायला हवं तेवढंच केलं, फक्त ज्या दिवशी ते करणं धोक्याचं होतं त्या दिवशी केलं. पण म्हणून विद्यार्थ्यांचं काम कमी ठरत नाही. सात वर्षं ती मुलं मार खात होती, तुरुंगात जात होती, दर सत्रात पुन्हा फाटकापाशी उभी राहत होती. कचेरीत खाली मान घालून बसलेल्या माणसाला रोज संध्याकाळी घरी जाताना डोळ्यांत अश्रुधूर झोंबायचा आणि प्रश्नही. ती सात वर्षं नसती तर जानेवारीच्या त्या रात्री चोई ह्वान यांचा हात सहीपाशी थबकला असता असं मला वाटत नाही. विद्यार्थ्यांनी हुकूमशाही पाडली असं तू लिहितेस. माझ्या मते त्यांनी त्याहून अवघड गोष्ट केली. त्यांनी पाडणाऱ्यांची संख्या वाढवली.

आणि ही गोष्ट त्यांना आपोआप साधली नाही. 1985-86 मध्ये विद्यापीठांमधले गट एकमेकांशी इतके भांडत होते की त्यांच्या पत्रकांतली भाषा त्यांच्या आयांनाही कळली नसती. साम्राज्यवाद आधी की भांडवलशाही आधी, संविधान सभा की आणखी काही. ऑक्टोबर 1986 मध्ये कोनकुक विद्यापीठात पोलिसांनी वेढा घालून हजाराहून जास्त मुलांना एका फटक्यात उचललं, आणि शहर आपल्या कामाला गेलं. धैर्यात ती मुलं कुठेच कमी नव्हती. त्यांच्या शेजारी उभं राहायला सामान्य माणसाला जागा नव्हती.

मग मागणी आखूड झाली. राष्ट्राध्यक्ष आम्ही निवडणार, आमच्या मताने, थेट. बस्स. तोवर हुकूमशहा चुन दू-ह्वानची राजवट निवडक मतदारांच्या मंडळाकडून राष्ट्राध्यक्ष ठरवून घेत होती, आणि 1987 च्या 13 एप्रिलला त्याने हे असंच चालणार म्हणून जाहीर केलं होतं. मे अखेर विरोधी पक्ष, चर्च, बौद्ध भिक्षू, वकील, महिला संघटना यांची एक संयुक्त समिती झाली आणि तिने 10 जूनचा कार्यक्रम आखला. त्याचा तपशील तुझ्या वहीत नीट लिहून ठेव, कारण यापेक्षा शहाणं नियोजन मी फार थोड्या चळवळींत पाहिलं आहे. वेळ संध्याकाळी सहाची. त्या काळी रोज सहाला राष्ट्रध्वज उतरवला जायचा आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला जागच्या जागी उभं राहावं लागायचं. सरकारनेच लावलेली ही शिस्त त्यांनी वापरली: सहा वाजता राष्ट्रगीत म्हणा, गाडीवाल्यांनी हॉर्न वाजवा, चर्चांनी घंटा वाजवा, बाकीच्यांनी पांढरे रुमाल हलवा. टॅक्सीवाल्याला हॉर्न वाजवल्याबद्दल कोण फाशी देणार? पण हजार टॅक्सीवाल्यांनी एकाच मिनिटाला वाजवला की दहाव्या मजल्यावरच्या कारकुनाला कळतं, आपण एकटे नाही.

आदल्या दिवशी, 9 जूनला, योनसेईच्या फाटकाशी दुसऱ्या दिवसाच्या तयारीची सभा होती, तिथे ली हान-योलच्या डोक्याच्या मागच्या बाजूला अश्रुधुराचं नळकांडं लागलं. त्याच्याच विद्यापीठातला एक मुलगा त्याला मागून कवेत धरून उभा आहे, तो फोटो तू जागोजाग पाहिला असशील. कार्यक्रमात तुला फोटो दिसला, पण तुझ्या विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्याचं छोटं संग्रहालय आहे, तिथे त्याचा बूट आहे. ‘टायगर’ छापाचा साधा खेळाचा बूट, उजव्या पायाचा. डावा मिळालाच नाही. इतक्या वर्षांत रबराचा तळ कोरडा पडून त्याचे तुकडे तुकडे झाले होते, 2015 मध्ये जीर्णोद्धार करणाऱ्यांनी ते एकेक जोडून बूट पुन्हा उभा केला. बघताना लक्षात घे की हा कुणा वीराचा पोशाख नाही. मॅनेजमेंट शिकणाऱ्या, दुसऱ्या वर्षातल्या मुलाने त्या दिवशी सकाळी पायात घातलेला बूट आहे तो. आणि ढालीच्या पलीकडे उभे असलेले पोलीसही बरेचसे सक्तीच्या सेवेत ओढलेले, त्याच वयाचे पोरगे होते.

10 जूनच्या रात्री पाठलाग चुकवत काहीशे मुलं म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये शिरली. शेजारच्या शाळेच्या मुलींनी आपले जेवणाचे डबे त्यांच्यासाठी पाठवले. कार्डिनल किम सू-ह्वान यांनी सरकारी माणसाला सांगितलं की आत यायचं तर आधी मला ओलांडावं लागेल, माझ्यामागे पाद्री, त्यांच्यामागे नन, आणि मग कुठे मुलं. जेवणाच्या सुटीत टायवाले कारकून खाली उतरू लागले. 18 जूनला बायकांनी दंगलविरोधी पोलिसांच्या छातीवर फुलं खोवली. गर्दीतून कुणी दगड उचलला की गर्दीच ओरडायची, मारामारी नको. पुढच्या वर्षी सोलमध्ये ऑलिंपिक होतं, अमेरिकाही सबुरीने घ्या म्हणून दबाव आणत होती, हे खरं. पण रस्ते भरले नसते तर त्या दबावाला तरी काय किंमत होती? 29 जूनला चुनचाच वारस रोह ते-वू याने थेट निवडणुकीची मागणी मान्य केली.

मुलं पेट्रोलबॉम्ब टाकत नव्हती असं मी तुला सांगणार नाही. त्या दशकात टाकत होती. त्याचं काय झालं तेही तुझ्या प्रबंधात यायला हवं. 1989 च्या मे महिन्यात बुसानच्या दोंग-ई विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागलेल्या आगीत सात पोलीस मेले. 1991 मध्ये पोलिसांच्या मारहाणीत एक विद्यार्थी गेला आणि त्यानंतर काही तरुणांनी स्वतःला संपवलं. राणी, इथे मी मावशी म्हणून बोलते. मरणाने चळवळ पेटते ही समजूत मला अजिबात मान्य नाही. जोंग-चोल आणि हान-योल मरायला निघाले नव्हते. त्यांना मारलं गेलं. हान-योलची आई बे उन-शिम हिने नंतर पस्तीस वर्षं इतरांच्या मुलांसाठी मोर्चे काढण्यात घालवली. मुलं गमावलेल्या अशा आईबापांनी 1998-99 मध्ये संसदेसमोर 422 दिवस धरणं धरलं, तेव्हा कुठे संशयास्पद मृत्यूंच्या चौकशीचा कायदा झाला. हेवाच करायचा तर त्या 422 दिवसांच्या चिकाटीचा कर. थंडीत, पालाखाली, कॅमेरे निघून गेल्यावर बसून राहणं फार कमी जणांना जमतं.

आता ज्याबद्दल तुझ्या पत्रात अवाक्षर नाही, त्याकडे येते. 16 डिसेंबर 1987 ला निवडणूक झाली. जिंकून घेतलेली, थेट, सोळा वर्षांतली पहिली. आणि रोह ते-वू निवडून आला! 36.6 टक्के मतांवर. किम यंग-साम यांना 28 टक्के, किम दे-जुंग यांना 27. दोघांची बेरीज तू कर. दोघेही तुरुंग, नजरकैद भोगलेले, दोघेही माघार घेईनात. विद्यार्थीही फुटले: काही एका किमकडे, काही दोघांनी एक व्हावं म्हणणारे, काही तिसराच उमेदवार हवा म्हणणारे. जूनमध्ये एका मागणीवर उभी राहिलेली माणसं पाच महिन्यांत एकमेकांना गद्दार म्हणू लागली. 1960 च्या एप्रिलमध्येही असंच झालं होतं, विद्यार्थ्यांनी राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्हीला घालवलं आणि जेमतेम वर्षभरानं लष्कर येऊन बसलं. पाडायचं काय हे तरुणांना चटकन कळतं. त्यानंतर कुणाच्या हाती काय द्यायचं, हे ठरवायला लागणारी सबुरी त्यांच्यात नसते, आणि त्यांच्या नेत्यांमध्ये तर मुळीच नसते. तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी कधी कुठल्या लढ्यात उतरली, तर तिला हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारायला सांग.

तरी ते वर्ष वाया गेलं असं मी मानत नाही, आणि याचं कारण भाषणांत सापडत नाही. ते त्या शरदात लिहिलेल्या राज्यघटनेत आहे. रुक्ष मसुदा, समित्यांच्या वाटाघाटी, ऑक्टोबरात सार्वमत. घटनात्मक न्यायालय त्यातूनच उभं राहिलं. त्याच घटनेचं 77 वं कलम सांगतं की संसदेने बहुमताने मागणी केली की राष्ट्राध्यक्षाला लष्करी कायदा उठवावाच लागतो. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले. सभापती वू वोन-शिक स्वतः भिंत चढले. हे गृहस्थ 1981 मध्ये तुझ्याच योनसेईचे विद्यार्थी असताना चुनविरोधी निदर्शनांपायी तुरुंगात गेले होते. सैनिक इमारतीत शिरले होते, खासदार घाई करा म्हणून ओरडत होते, आणि हे म्हणत राहिले की कार्यपद्धतीत एकही चूक राहता कामा नये. 190 हजर, 190 मतं बाजूने. पहाटेपर्यंत लष्करी कायदा उठला, आणि 4 एप्रिल 2025 ला घटनात्मक न्यायालयाने युन यांना पदावरून काढलं. तरुणपणी घोषणा दिलेल्या माणसाने म्हातारपणी कार्यपद्धतीचा इतका आग्रह धरावा, हे मला त्या साऱ्या इतिहासातलं फार मोलाचं वाटतं.

एक माणूस मी मुद्दाम शेवटी ठेवला. चोंगग्येचोन ओढ्यावरच्या पुलावर चॉन ते-इलचा पुतळा आहे. तिथल्या प्योंगह्वा बाजारातला शिंपी. माळ्यांवर, धड उभंही राहता येणार नाही अशा जागेत, कोवळ्या मुली चौदा-चौदा तास शिवणकाम करायच्या. कायदा त्यांच्या बाजूचा होता, पण त्याचं पुस्तक चिनी लिपीतल्या शब्दांनी भरलेलं. हा रात्री ते घेऊन बसायचा आणि म्हणायचा, आपला एखादा कॉलेजात शिकणारा मित्र असता तर किती बरं झालं असतं. 1970 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, त्याने त्या पुस्तकासह स्वतःला जाळून घेतलं. ही बातमी विद्यापीठांत पोचली तेव्हा मुलांची मान खाली गेली, आणि मग पुढची पंधरा-वीस वर्षं हजारो विद्यार्थी नाव लपवून कारखान्यांत कामाला गेले, रात्रशाळा चालवू लागले. क्वॉन इन-सुक त्यातलीच. 1986 मध्ये तिला पकडून पोलिसाने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. ते उघड बोलणं त्या समाजात त्या काळी किती जड असेल, तुला सांगायला नको. ती बोलली. तिचा खटला लढवणाऱ्यांत चो यंग-रे होते, ज्यांनी फरारी असताना चॉन ते-इलचं चरित्र लिहिलं होतं. जून 1987 मध्ये टायवाले मध्यमवर्गीय 29 तारखेनंतर समाधानाने घरी गेले, पण त्या जुलै-ऑगस्टात उल्सानपासून देशभर कामगारांचे तीन हजारांहून अधिक संप झाले. लोकशाहीनं कारखान्याच्या फाटकाबाहेरच का थांबावं, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं श्रेय विद्यार्थ्यांच्या स्मृतिदिनांत क्वचितच दिलं जातं.

तुझ्या वाट्याला काय आलं, असं विचारतेस ना? आलंय बरंच. पण आधी एक व्यवहाराची गोष्ट: तू तिथे व्हिसावर आहेस, परदेशी माणसाने राजकीय कृती करू नये असा तिथला कायदा आहे, तेव्हा मोर्चात शिरण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कचेरीत नीट विचारून घे. कान उघडे ठेवायला मात्र कुठलीच परवानगी लागत नाही. 1987 चे विद्यार्थी नेते पुढे खासदार-मंत्री झाले, त्यांच्या मुलाखती ढिगाने आहेत. त्यांच्या पिढीने सत्तेच्या खुर्च्या अडवून धरल्या अशी तिथल्या तरुणांची तक्रारही आहे, ती खुल्या मनाने ऐक. तू त्या नेत्यांकडे नको जाऊस. रात्रभर पत्रकांची छपाई करणाऱ्या मुली कोण होत्या ते शोध. डबे पाठवणाऱ्या शाळकरी मुली आज पन्नाशीपार असतील, त्या शोध. ढाल धरून उभा असलेला एखादा पोलीसही शोध, तो बोलायला तयार झाला तर. म्हाताऱ्यांशी बोलताना फोन टेबलावर उपडा ठेव, घाई करू नकोस आणि तुझी कोरियन अडखळली तर अडखळू दे.

उल्सानला जाऊन संपातल्या कामगारांना भेटल्याशिवाय प्रबंधाचा आराखडा पक्का करू नकोस. जाण्या-येण्याच्या तिकिटाचे पैसे मी पाठवते, तुझ्या स्कॉलरशिपला हात लावू नकोस. पहिलं प्रकरण जुलै-ऑगस्टच्या संपांचं लिही आणि खर्डा कितीही कच्चा असला तरी पाठव. मी लाल पेन घेऊन वाचीन आणि जिथे पटणार नाही तिथे भांडेन.

तुझी
मावशी